घरच्या घरीं ध्वनिमुद्रण : गुणगुण, खरखर आणि कानांतली पातळी

आमच्या थोरल्या काकू आज ८७ वर्षांच्या आहेत. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, पहांटेच्या भूपाळ्या असा मोठा ठेवा त्यांच्या कंठांत आहे. त्यांतील बहुतेक गाणीं त्यांनीं आपल्या आईच्या तोंडून ऐकलेलीं. कागदावर कोणीं कधीं उतरून घेतलीं नाहींत. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीला सारी मंडळी एकत्र जमली असतां माझी पुतणी म्हणाली, "काका, थोरल्या आजीचीं गाणीं आपण नीट ध्वनिमुद्रित करून ठेवूं या. पुढें कोण सांगणार?" सूचना सर्वांना पसंत पडली.

पुतणीनें एक मायक्रोफोन, तो संगणकाशीं जोडणारी इंटरफेस नांवाची लहानशी पेटी आणि एका मित्राचा हेडफोन आणला. माजघरांत सतरंजी अंथरली, काकूंना पाटावर बसविलें, आणि त्यांनीं पाऊण तास गाणीं म्हटलीं. मध्येंच त्यांनीं आपल्या माहेरच्या खाडीकांठच्या ओव्यांची एक लांब माळ म्हटली. ती आम्हीं कोणींच आजवर ऐकली नव्हती. वहिनींच्या डोळ्यांस पाणी आलें.

संध्याकाळीं मुद्रण ऐकावयास बसलों तों सर्वांचे चेहरे उतरले. आरंभापासून अखेरपर्यंत कढईत अडकलेल्या भुंग्यासारखी गुणगुण चालूं होती, आणि काकूंचा स्वर जेथें जेथें वर चढला होता तेथें तेथें तो कापड टरकावें तसा फाटला होता. काकूंनीं क्षणभर हेडफोन कानाला लावला, काढून ठेवला आणि एवढेंच म्हणाल्या, "हें कोण ओरडतें आहे रे?"

पुतणीला बोल लावण्याचा मला अधिकार नव्हता. तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलेला मी त्याच खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. पुढें महिनाभर आम्हीं दोघांनीं मिळून एकेक दोष हुडकून काढला. तीच हकीकत या महिन्याच्या सदरांत देत आहें. कारण गाणारें वा गोष्टी सांगणारें एखादें वडील माणूस बहुतेक घरांत असतें, आणि ध्वनिमुद्रणाचें साधन तर आतां मोबाइलच्या रूपानें प्रत्येकाच्या हातांत आहे.

पहिला घोटाळा दोन बटणांचा झाला होता. इंटरफेसच्या पेटीवर फिरवावयाचीं दोन मुख्य बटणें असतात. एक आंत येणाऱ्या आवाजाचें. त्यास गेन म्हणतात, आणि मुद्रणांत काय उतरावयाचें तें त्यावर ठरतें. दुसरें हेडफोनचें, त्यावर फक्त आपल्या कानाला किती मोठें ऐकूं यावें तें ठरतें. चष्म्याचा नंबर बदलल्यानें पत्रांतील अक्षर बदलत नाहीं, त्याचप्रमाणें हेडफोनचें बटण फिरविल्यानें मुद्रणांत तिळमात्र फरक पडत नाहीं. पुतणीला हेडफोनमध्यें आवाज बारीक वाटला, म्हणून तिनें गेन वाढविला; तरी बारीक वाटला, म्हणून आणखी वाढविला. दोष चष्म्याचा होता आणि आम्हीं अक्षरावर शाई ओतीत बसलों.

मग हेडफोन बारीक कां वाजत होता? तो २५० ओहमांचा निघाला. इतका रोध असलेला हेडफोन पुरेसा मोठा वाजण्यास अधिक व्होल्टता लागते, व ती लहान पेट्यांना किंवा मोबाइलला पुरवितां येत नाहीं. ३२ ओहमांच्या आसपासचा हेडफोन लावतांच तक्रार मिटली. तुमच्या घरीं हीच अडचण आली तर नवा हेडफोन घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. हेडफोनची पिन पूर्ण आंत गेली आहे कीं अर्धवट, हें पहिलें. दुसरें, पुष्कळ पेट्यांवर थेट मायक्रोफोनचा आवाज आणि संगणकाकडून परत येणारा आवाज यांचें प्रमाण ठरविणारें एक तिसरें बटण असतें; तें एका टोकाला गेलेलें असेल तर एक आवाज मुळींच ऐकूं येत नाहीं. तिसरें, आवाज एकाच कानांत येत असेल तर हेडफोन बिघडला असें लगेच समजूं नये. एकच मायक्रोफोन पहिल्या मार्गानें आंत येतो व संगणक त्यास डावा कान समजतो. मुद्रण मोनो पद्धतीनें करण्याची खूण केली कीं तो दोन्ही कानांत येतो.

आतां फाटलेल्या स्वराचें पाहूं. संगणकावरील पट्टींत शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. बाकीचे सारे आंकडे तिच्याखालचे, म्हणजे उणे. धान्य मापतांना पायली शिगोशीग भरावी आणि वरून फळी फिरवावी, म्हणजे जसें शीग खालीं पडतें, तसा शून्याच्या वर जाणारा स्वर छाटला जातो. छाटलेला भाग कोठेंही शिल्लक राहात नसल्यामुळें मागाहून आवाज कमी केला तरी फाटलेपण तसेंच राहतें. म्हणून गाणाराला त्याचा सर्वांत उंच स्वर लावावयास सांगावें आणि तो उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान राहील असा गेन ठेवावा. लाजरें माणूस परीक्षेच्या वेळीं हळूं गातें व खरें गातांना रंगांत येतें, हें ध्यानांत ठेवून थोडी जागा आणखी सोडावी. आजचीं यंत्रें आवाज २४ बिटांनीं नोंदवितात. त्यामुळें पातळी थोडी खालीं राहिली तरी नुकसान होत नाहीं, ती मागाहून वाढवितां येते.

गुणगुण शोधण्याची रीत अगदीं सोपी आहे, पण ती अमलांत आणावयास थोडा धीर लागतो. खोलींत सर्वांनीं गप्प बसावें आणि अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. मग ती हेडफोनमध्यें मोठ्या आवाजांत ऐकावी. घरांत शांतता आहे असें समजणारा मनुष्य ही शांतता ऐकून थक्क होतो. आपले कान रोजच्या आवाजांकडे दुर्लक्ष करावयास शिकलेले असतात. मायक्रोफोनला तें शिक्षण नसतें. ऐकून झालें कीं हेडफोनचें बटण मात्र प्रथम खालीं आणावें, नाहीं तर पुढचा "आ" कानाचे पडदे हालवून जाईल.

त्यानंतर एकेक वस्तु बंद करीत पुन्हां पुन्हां शांतता मुद्रित करावी. आम्हीं प्रथम पंखा बंद केला. वाऱ्याचा फरफराट गेला, आणि त्याबरोबर एक कर्कश कुरकुरही गेली. ती पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची होती. दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारीं बटणें आणि कांहीं एलईडी दिवे हेंच करतात. भुंगा मात्र कायम होता. आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० आवर्तनांची असते, आणि घरगुती यंत्रांतील भुणभुण बहुधा त्या ५० ची किंवा तिच्या दुपटीची, म्हणजे १०० ची असते. खर्जांतला, न थांबणारा, एकाच पट्टींतला असा आवाज ऐकूं आला कीं हवेंतला आवाज शोधणें सोडून विजेकडे वळावें. पुतणीनें लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालविला, आणि भुंगा नाहींसा झाला!

चार्जर काढतांच गुणगुण थांबली तर बॅटरीवरच मुद्रण करणें हा सर्वांत सरळ उपाय. तें शक्य नसेल तर संगणक आणि बाकीचीं यंत्रें एकाच अर्थिंग असलेल्या फळीवर जोडून पाहावीं. भिन्न भिन्न ठिकाणीं जमिनीशीं जोडलेल्या यंत्रांमध्यें वीज फिरूं लागली कींही अशी गुणगुण येते. येथें एक गोष्ट बजावून सांगतों. तीन पिनांच्या प्लगाची अर्थिंगची पिन मोडली कीं गुणगुण जाते, असा सल्ला कोणी देईल. तो कदापि मानूं नये. ती पिन मनुष्याचा जीव वांचविण्यासाठीं असते. मायक्रोफोनची तार विजेच्या तारेला समांतर नेऊं नये. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. तीन पिनांची जी एक्सएलआर तार मायक्रोफोनला असते तिच्यांत तोच आवाज दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपानें जातो. वाटेंत शिरलेला उपद्रव मात्र दोहोंत सारखा असतो, म्हणून पेटींत त्या दोहोंची वजाबाकी होतांच तो गळून पडतो. मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवावा. मोबाइलवरच मुद्रण करणारांनीं विमानाचें चित्र असलेली कळ दाबावी. म्हणजे मधेंच कोणाचा फोन येऊन गाणें तुटणार नाहीं.

तिसरा दोष खरखरीचा, म्हणजे पाऊस दूर पडत असावा तशा सूं सूं आवाजाचा. त्याचें मूळ बहुतेक वेळां अंतरांत असतें. काकूंना तोंडापाशीं कांहीं नको होतें, म्हणून आम्हीं मायक्रोफोन चार वितींवर ठेवला होता. गाणाऱ्यापासूनचें अंतर निम्में केलें कीं त्याचा थेट आवाज सुमारें ६ डेसिबलनें वाढतो. खोलींतील इतर आवाज मात्र होता तेवढाच राहतो. चार वितींवरून एका वितीवर आलों, म्हणजे अंतर दोनदां निम्में झालें. १२ डेसिबलांचा लाभ पदरांत पडला, तोही बटणाला हात न लावतां. गेन तेवढा कमी करतां आला आणि खरखर त्याच्याबरोबर खालीं गेली. अंतर सुधारण्यापूर्वीं गेन वाढविणें म्हणजे भाजींत मीठ नाहीं म्हणून साऱ्या पंक्तीचें पाणी खारट करणें होय.

फार जवळ गेल्यासही त्रास होतो. 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचा वारा मायक्रोफोनवर धडकतो आणि ढब् ढब् असा आवाज उठतो. मायक्रोफोन तोंडाच्या समोर न धरतां किंचित् बाजूला ठेवावा, आणि मध्यें पातळ जाळीदार कापड ताणून धरावें. वहिनींनीं भरतकामाच्या रिंगेंत जुन्या ओढणीचा तुकडा ताणून दिला. तो विकतच्या पडद्याइतकाच उपयोगी पडला. शिवाय मायक्रोफोनची तोंडाची बाजू कोणती हें नीट पाहावें. पुष्कळ मायक्रोफोन टोंकाकडून ऐकत नाहींत, बाजूनें ऐकतात, आणि पाठीकडून येणारा आवाज कमी घेतात. आमचा मायक्रोफोन पहिल्या दिवशीं काकूंकडे पाठ करून आणि खिडकीकडे तोंड करून उभा होता, हें सांगतांना मला आजही लाज वाटते.

राहिले घरचे आवाज. गोधड्या, रजया, पडदे, कपड्यांचें उघडें कपाट यांनीं खोलीचा घुमारा कमी होतो. बाहेरचा आवाज मात्र त्यांनीं थांबत नाहीं. उघड्या भिंतींची खोली टाळून कपाटें व गाद्या असलेली खोली घ्यावी, परंतु रस्त्यावरच्या रिक्षांवर गोधडीचा उपाय चालत नाहीं. तेथें वेळ निवडणें हाच उपाय. पुण्याच्या पेठांतील दुकानें दुपारीं १ ते ४ बंद ठेवण्याच्या प्रथेवर पुष्कळ विनोद झाले आहेत. आम्हांस मात्र तिचा उपयोग झाला. त्या वेळीं आमची गल्ली खरोखरच शांत असते. काकूंनीं त्या दिवसापुरती वामकुक्षी सोडली. पाण्याचा पंप, मिक्सर, कुकर यांचे वेळापत्रक स्वयंपाकघराशीं आधींच ठरवून घेतलें. फ्रीज बंद करतांना पुतणीनें आपल्या दुचाकीची किल्ली आंत दुधाच्या पातेल्याशेजारीं ठेवली. काम संपून ती बाहेर निघाली म्हणजे फ्रीज उघडावाच लागणार, आणि मग तो चालूं करण्याचा विसर पडणार नाहीं.

हेडफोन कोणीं घालावा, हाही प्रश्न आहे. वडील मंडळींना तो घालावयास लावूं नये. कान झांकले गेले कीं त्यांचा आवाज बावरतो. मुद्रण करणाऱ्यानें तो घालावा आणि शेवटपर्यंत ऐकत राहावें. गाणाऱ्याला तंबोरा वा ताल हेडफोनमधून ऐकवावयाचा असेल तर कान पूर्ण झांकणारा, बंद पाठीचा हेडफोन घ्यावा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर गळतो आणि गातांना जो तंबोरा फक्त कानांत हवा तोच मुद्रणांत उतरतो. परीक्षा सोपी आहे: गाणाराला हेडफोन घालून गप्प बसावयास सांगावें, तंबोरा चालूं करावा, आणि मायक्रोफोनांत काय येतें तें ऐकावें. ज्यांना कमी ऐकूं येतें ते पातळी वाढवावयास सांगतात व गळती वाढते. अशा वेळीं तंबोरा खोलींत प्रत्यक्ष छेडणें बरें.

आपला आवाज कानांत किंचित् उशिरां येत असेल तर तो संगणकाच्या वाटेनें फिरून येत आहे असें समजावें. दर सेकंदास ४४,१०० नमुने घेणारा संगणक २५६ नमुन्यांचा गट भरावयास सुमारें ६ सहस्रांश सेकंद घेतो. जातांना आणि येतांना मिळून हा उशीर गाणाऱ्यास खुपूं लागतो. तो गट लहान करावा, किंवा पेटींतूनच थेट ऐकावें आणि संगणकाकडून परत येणारा आवाज बंद करावा. दोन्ही चालूं राहिले तर प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येतो.

कानाचेंही भान ठेवावें. ८० डेसिबलांचा आवाज मोठ्या माणसानें आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलांस वेळ निम्मी होते. हेडफोन डोक्यावर चढविण्यापूर्वीं बटण शून्यावर आणावें आणि मग हळूहळू वाढवावें.

संगणकांत गुणगुण काढून टाकण्याचीं साधनें आहेत. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेचा नमुना दिला तर तीं तेवढाच आवाज वेंचून कमी करतात. थोडक्यांत वापरलीं तर गुण देतात. हात सैल सोडला तर मनुष्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून मूळ मुद्रण हात न लावतां जपून ठेवावें आणि शुद्धि तिच्या प्रतीवर करावी. दर सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट या मापानें एका मायक्रोफोनच्या एका मिनिटास सुमारें ९ मेगाबाइट जागा लागते. दोन निरनिराळ्या ठिकाणीं दोन प्रती ठेवणें आज मुळींच महाग नाहीं.

१९०२ सालीं कलकत्त्यास एका हॉटेलच्या खोलींत फ्रेड गैसबर्ग यानें गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां गेन नव्हता, हेडफोन नव्हता आणि वीजही त्या कामीं नव्हती. विजेवरचें ध्वनिमुद्रण १९२५ सालीं आलें. मोठ्या कर्ण्यासमोर गाणाऱ्यानें जवळ येणें किंवा दूर होणें, एवढेंच काय तें बटण. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात, म्हणून गाणें संपतांच बाई स्वतःचें नांव मोठ्यानें सांगत, कीं तेथील कारागिरांस गाणारें कोण तें कळावें. आपणही हें करावें. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं नांव, गांव व तारीख बोलावी. पन्नास वर्षांनीं ऐकणाऱ्या नातवंडांस तोच पत्ता उपयोगी पडेल. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या व तिच्या गांवाच्या नांवासह जपल्या गेल्या आहेत.

आमचें दुसरें मुद्रण चांगलें झालें. त्यांत दूरवर पारवे घुमतात आणि भिंतीवरचें घड्याळ बारीक टिकटिकतें. तें आम्हीं राहूं दिलें. काकूंनीं हेडफोन लावून ऐकलें आणि मान डोलावली. पण खाडीकांठच्या त्या ओव्या त्यांना पुन्हां आठवल्या नाहींत. पहिल्या फाटक्या मुद्रणांतून वहिनींनीं त्यांचे शब्द मोठ्या कष्टानें वेंचून वहींत लिहिले आणि काकूंना वाचून दाखविले. काकू म्हणाल्या, "हो, आईच्याच आहेत. पण आतां गळ्यांत येत नाहींत ग."

म्हणून बिघडलेलें मुद्रणही पुसून टाकूं नये. आमच्या घरीं त्या ओव्या आज त्याच एका ठिकाणीं आहेत. आणि साऱ्या परीक्षा, बटणें, तारा, पंखे, फ्रीज यांचा निकाल आदल्या दिवशीं आपल्या स्वतःच्या गळ्यावर लावून घ्यावा. वडील माणूस पाटावर येऊन बसलें म्हणजे आपण फक्त ऐकावयाचें.